उरलेली नाडी

७ ऑगस्ट २००६, सोमवार. राजापेठ, अमरावती

आले एकदाची! श्रावणदादा माझी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन जिना चढला, खोलीच्या मधोमध उभा राहून चारी भिंती पाहिल्या आणि म्हणाला, यापेक्षा आपली फुलं ठेवायची खोली मोठी आहे. मी म्हटलं, असेल, पण ही माझी आहे. त्यावर तो इतका हसला की घरमालकीण माणिकबाईंनी खालून काय झालं म्हणून विचारलं. चिकुनगुन्याने बाईंचे गुडघे धरलेत, म्हणून त्या पलंगावरूनच घराला हुकूम सोडतात. दादाने त्यांना आमच्या मळ्यातल्या गलांड्याच्या फुलांची टोपली दिली, तेव्हापासून मी त्यांची लाडकी.

खिडकीखाली सगळं राजापेठ. दुचाक्यांचे हॉर्न, समोर शिकवणीचा वर्ग, तिथली पोरं एका सुरात सूत्रं म्हणतात. आमच्या गावात या वेळी फक्त मोटारपंपाचा आवाज असतो. मला हा गोंगाट आवडला.

उद्यापासून नोकरी! इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन वर्ष झालं, अकोल्यात टीव्ही दुरुस्तीशिवाय काही मिळेना. दादाने विचारलं, तू तिथं नेमकं करणार काय. मी त्याचं बोट धरून समजावलं. दवाखान्यात पेशंटच्या बोटाला चिमटी लावतात ना, तिच्यात एका बाजूला लाल दिवा असतो. उजेड बोटातून पलीकडे जातो. रक्त आलं की उजेड थोडा अडतो, गेलं की सुटतो. त्यावरून मशीन नाडी सांगतं आणि रक्तात ऑक्सिजन किती तेही सांगतं. त्या चिमट्या तुटल्या की आम्ही पुन्हा नव्या करणार.

दादा म्हणाला, "म्हंजे तू आता लोकायची नाडी पाहनारी झाली."

जाताना जिन्यात थांबून सांगितलं, वहिनीला सातवा लागलाय, दिवाळीत आत्या होशील, आताच सुटी मागून ठेव.

१० ऑगस्ट

कारखाना नांदगाव पेठेत, कापड गिरण्यांच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये. मालक वाहेदभाई पूर्वी रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. एका डॉक्टरांनी त्यांच्याकडे मोडकी चिमटी आणून टाकली, ती त्यांनी चालू करून दिली, आणि तिथून हा धंदा उभा राहिला. वऱ्हाडातल्या लहान लहान दवाखान्यांतून खराब चिमट्या पोत्याने येतात. बहुतेकींची वायर मानेशी तुटलेली, रबर फाटलेलं, पण आतला दिवा आणि त्याच्या समोरची उजेड पकडणारी काच शाबूत. ते दोन्ही काढायचे, स्वच्छ करायचे, तपासायचे, नव्या कवचात बसवायचे. परदेशी नवी चिमटी घेणं या दवाखान्यांना झेपत नाही.

वाहेदभाईंची थोरली बहीण नसीमबानो. सगळे आपा म्हणतात. तान्ह्या बाळांच्या पायाला गुंडाळायच्या मऊ पट्ट्या त्या शिवतात, आणि पोत्यातून आलेली प्रत्येक चिमटी आधी त्यांच्या हातात जाते. त्या ती थोडा वेळ तळव्यात धरतात, मगच पुसायला घेतात. मी कारण विचारलं. म्हणाल्या, कोणाच्या तरी हातात होती ना बाई ही.

तपासणीला आमच्याकडे रबराचं नकली बोट आहे. त्याला चिमटी लावली की मॉनिटरवर सुरेख सरळ नाडी येते. पहिल्याच दिवशी मी चार चिमट्या जिवंत केल्या. वाहेदभाई खूश.

२० ऑगस्ट

आज वाहेदभाईंबरोबर दोन दवाखान्यांत फिरून आले.

फवारणीचे दिवस आहेत. वॉर्डात सगळे विषाचेच पेशंट. कोणी फवारताना वारा उलटा फिरून पडलेले, कोणी स्वतःच्या हाताने प्यालेले. एका खाटेवर दोन, खाली सतरंजीवर आणखी. नातेवाईक पेपरने वारा घालतात. मशीन वॉर्डात एकच.

आणि ती परदेशी चिमटी या बोटांवर बसतच नाही. ती कागद चाळणाऱ्या बोटांसाठी केलेली आहे. ही बोटं जाड, कापूस वेचून सोललेली, नखं फुटलेली, चिकाने काळी. चिमटी निसटते, मशीन बोंबलतं, सिस्टर पळत येऊन चिकटपट्टी लावते, पुन्हा निसटते. एका म्हाताऱ्याच्या तर पायाच्या अंगठ्याला दोऱ्याने बांधली होती.

परत येताना मी वाहेदभाईंना म्हटलं, आपण या बोटांसाठी चिमटी करू. ते गाडी चालवता चालवता माझ्याकडे बघतच राहिले. शेवटी मीच म्हटलं, भाई, समोर बघा.

४ सप्टेंबर

जमली! पोळ्याला गावी गेले तेव्हा दादाच्या, बाबांच्या आणि मळ्यातल्या सगळ्यांच्या बोटांचे प्लास्टरचे साचे घेतले. इथे गिरणीतल्या बायांनीही हसत हसत बोटं दिली. आतलं रबर मी मऊ केलं, तोंड रुंद केलं, आणि दिवा नखाच्या थोडा मागे नेला, म्हणजे काळ्या फुटक्या नखांतून उजेड अडणार नाही. जड हात हलला तरी चिमटी हलत नाही.

दिवे मात्र जुनेच, पोत्यातले. नवे दिवे आपल्याला मिळत नाहीत.

वाहेदभाईंनी सगळ्यांना जिलबी वाटली. अकोल्यात एका संस्थेचा नवा दवाखाना उघडलाय, त्यांनी पेटीभर मागवल्या. आपांनी माझी दृष्ट काढली.

११ सप्टेंबर

एक विचित्र गोष्ट झाली. लिहून ठेवते म्हणजे डोक्यातून जाईल.

दुपारी भारनियमन. शेडमध्ये पंखे बंद, पत्रा तापलेला, सगळे बाहेर कडुनिंबाखाली बसलेले. मी डबा घ्यायला आत आले. बाकावर एक तयार चिमटी मॉनिटरला जोडून ठेवली होती, मॉनिटर त्याच्या बॅटरीवर चालू. चिमटी रिकामी. आत बोट नाही, नकली बोटही नाही. आणि पडद्यावर नाडी.

ट्यूबलाइटचा उजेड आत शिरला की कधी कधी खोटी रेघ येते. पण वीजच नव्हती. मी चिमटीवर काळं कापड टाकलं. रेघ तशीच. आधी मंद, फार मंद. मग एकदम पळत सुटलेली. मग अडखळत, लहान होत गेली, आणि आता थांबणार असं वाटलं तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू.

मी वायर उपटली. पडदा कोरा झाला. चिमटीतला लाल दिवा मात्र मिणमिणत होता, त्याच चालीने. वायर माझ्या हातात होती.

वाहेदभाईंना बोलावलं. ते येईपर्यंत दिवा विझला होता. म्हणाले, उन्हाने डोकं फिरतं, पाणी पी.

१५ सप्टेंबर

आणखी तीन चिमट्या तशाच निघाल्या. सगळ्या नाहीत. बऱ्याच अगदी चांगल्या आहेत, आणि हेच वाईट, कारण वाहेदभाई जी उचलतात ती नेमकी चांगली निघते.

प्रत्येकीची चाल वेगळी आहे. एक जण खूप वेळ टिकतो. एक नाडी इतकी बारीक की लहान मूल असावं. पण शेवट एकीलाही नाही. थांबायच्या जागेशी येतात आणि मागे फिरतात.

आज मी त्यातली एक स्वतःच्या बोटाला लावली. खरी नाडी मिळाली की मशीन ताळ्यावर येईल असं वाटलं होतं. पडद्यावर दोन नाड्या दिसल्या, माझी आणि ती. मग माझी तिच्या मागे जायला लागली. छातीत जाणवलं, कोणी हात धरून हळू चालायला लावावं तसं. तळवे घामाने भिजले. तोंडात लाळ सुटली, थांबेना, आणि लाळेला फवारणीच्या औषधाची चव. डोळ्यांसमोरचा बाक लांब गेला.

मी चिमटी झटकून टाकली. आपा धावत आल्या, मला जमिनीवर आडवं केलं. संध्याकाळपर्यंत नाडी ठिकाणावर आली. लवकर काढली म्हणून सुटले. मला ते नक्की कळतंय.

१६ सप्टेंबर

वाहेदभाईंना सांगितलं, अकोल्याची पेटी पाठवू नका. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "साधना बेटी, तिथं लोक बिनामशीनचे मरून राह्यले. तू म्हनते थांबा. किती थांबू? कोनाले सांगू थांब म्हनून?"

भूत आहे म्हणून सांगू? मी पदविकावाली आहे.

म्हटलं, मग मला एकेक तपासू द्या. ज्या बाकावर रिकाम्याच नाडी दाखवत बडबडतात त्या बाजूला काढल्या, बाकीच्या जाऊ दिल्या. पेटी आज गेली.

२० सप्टेंबर

अमरावतीच्या एका दवाखान्यात डॉक्टरांना नवी चिमटी लावून दाखवायची होती. मी दोन दिवस बाकावर ठेवून पाहिलेली निवडली. एकदाही बोलली नव्हती.

पेशंट महादेवराव, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. हर्नियाचं साधं ऑपरेशन, तेही झालेलं. जाड बोटं, स्टेअरिंगने घट्टे पडलेली. चिमटी छान बसली. नाडी ठणठणीत. ते म्हणाले, "पाहा बाई, गाडी चालू आहे का आमची?" मी म्हटलं, मस्त चालू आहे काका. डॉक्टरांनी चिमटी रात्रभर राहू द्या म्हणून सांगितलं.

मन हलकं झालं. कदाचित संपलं सगळं.

२१ सप्टेंबर

महादेवराव गेले.

सकाळी चिमटी आणायला गेले तर खाटेभोवती गर्दी. पहाटेपासून नाडी मंद होत गेली म्हणे, मग धावली. कारण सापडेना. घाम, लाळ. डॉक्टर सारखे विचारत होते, यांनी काही प्यालं का? बायको रडत शपथा घेत होती. मी पुढे घुसून त्यांच्या बोटातली चिमटी ओढून काढली. काही उपयोग नाही. चादरीवर पडलेल्या चिमटीची रेघ आणि काकांच्या मनगटाची नाडी एकाच चालीने चालली होती. मी दोन्हीवर लक्ष ठेवून होते. चिमटी रिकामी, आणि सोडत नव्हती.

दुपारी थांबली. या वेळी मागे फिरली नाही. रेघ सरळ झाली आणि सरळच राहिली.

ती चिमटी आता साधी चिमटी आहे. वाहेदभाईंनी बोटाला लावली, मी लावली. काही नाही. तिचं जे उरलं होतं ते तिने काकांवर पुरं करून घेतलं.

म्हणजे बाकावर गप्प बसलेल्यांचाही भरवसा नाही.

अकोल्याची पेटी.

२२ सप्टेंबर

आता वाहेदभाईंना सगळं पटलंय. महादेवरावांच्या मयतीला गेले होते, परत येऊन शेडच्या दारातच बसले. आपांनी पाणी दिलं तर भांडं हातात तसंच धरून.

सकाळपासून ते फोन करताहेत. अमरावतीच्या दवाखान्यांना दिलेल्या चिमट्या परत आल्या. अकोल्याच्या दवाखान्यातला माणूस हसतो. म्हणतो, इतकी चांगली चिमटी आयुष्यात पाहिली नाही, परत काहून मागता? वाहेदभाईंनी सांगितलं, करंट लागतो. तर म्हणे आम्हाला तर नाही लागत.

उद्या दोघं जाऊन घेऊन येणार.

२३ सप्टेंबर, सकाळ

वहिनीचा फोन आला. दसऱ्याच्या बाजारासाठी शेवंती फवारत होता दादा. वारा फिरला. काल संध्याकाळी चक्कर येऊन वाफ्यातच पडला. शेजाऱ्यांनी जीपमध्ये घालून अकोल्याला नेला. आता बरा आहे, बोलतो, चहा मागितला. डॉक्टरांनी एक दिवस नजरेखाली ठेवलाय.

कुठल्या दवाखान्यात, विचारलं.

नवीन आहे म्हणाली. फार चांगला आहे. बोटाला चिमटी लावलीय, अगदी त्याच्या बोटाच्या मापाची. दादा सगळ्या वॉर्डाला सांगतोय की ही माझ्या बहिणीने केली.

मी ओरडले, काढ. आत्ताच्या आत्ता काढ! फोन कापला गेला. पुन्हा लागेना. लागत नाही —

२३ सप्टेंबर. वाहेदभाईंच्या गाडीत

मूर्तिजापूरला फाटक बंद. वाहेदभाई खाली उतरून फाटकवाल्याशी भांडताहेत. मालगाडी संपतच नाही.

आपा मागे बसल्यात. माझा हात धरलाय. मी फोन लावतेय. दवाखान्यात कोणी उचललं तर विचारतात, तुम्ही डॉक्टर आहात का? पेशंटचं मशीन आम्ही कोणाच्या सांगण्याने काढत नाही.

कालपासून लावलेली आहे. पूर्ण रात्र.

२३ सप्टेंबर, दुपार. अकोला

दादा बोलत नाही.

घाम. लाळ. नाडी पायरी पायरीने उतरते. डॉक्टर म्हणतात विष उलटलं, असं होतं. औषध देताहेत. त्यांची चूक नाही, दादाच्या अंगात खरंच औषध होतं. कोण मानेल की ही नाडी त्याची नाही?

मी चिमटी काढली. सिस्टर ओरडली. काढूनही उपयोग नाही — महादेवरावांसारखंच. चिमटी माझ्या मुठीत धडधडते आणि दादाची छाती तिच्या मागे.

नकली बोट आणलं होतं, त्यावर लावून पाहिली. ढुंकून पाहिलं नाही तिने. तिला ऊन बोट हवं.

वाहेदभाई वॉर्डभर फिरून बाकीच्या चिमट्या काढताहेत. नातेवाईक त्यांच्या अंगावर धावून जाताहेत. कोणी चोर म्हणालं. त्यांचा सदरा फाटला. तरी ते काढताहेत, रडत रडत.

२३ सप्टेंबर, थोड्या वेळाने

ओरडलेली सिस्टर जयवंता. आली, म्हणाली मला खरं सांग. मी सगळं सांगितलं. ती हसली नाही. खाटेच्या कडेवर बसली.

ती आधी एका तालुक्याच्या दवाखान्यात होती. आमच्या पोत्यांतल्या चिमट्या तसल्याच ठिकाणच्या. तिथेही मशीन एकच, आणि या हंगामात विषाच्या खाटा भरलेल्या. तिथल्या सिस्टर काय करायच्या ते तिने सांगितलं. "जो वाचत नाई त्याच्या बोटातली काढाची, जो वाचन त्याले लावाची. काय करता वं? मरनाराजवळ बसाले मानूसच नव्हता. त्यायचं पुढचं कोनीच पाह्यलं नाई."

म्हणून शेवट नाही त्या नाड्यांना. चिमटी निघाली तिथपर्यंतच आहेत. त्या माणसांची मोजणी अर्धी सोडून आपण सगळे उठून गेलो. ते तिथेच थांबलेत. कोणी पुढचं पुरं करून घेईल म्हणून —

२३ सप्टेंबर

माझ्या मुठीत चिमटी होती. मूठ आवळली तेव्हा अंगठा आत गेला असावा. दादाने डोळे उघडले!

लगेच. माझ्या छातीत मंद झालं आणि त्याची नाडी उचलली. मी दचकून अंगठा काढला — तो पुन्हा बुडाला. दुसऱ्यांदा करून पाहिलं. तसंच.

नवं बोट मिळालं की जुनं सोडते.

वहिनी बघत होती. तिला कळलं. पोटावर एक हात ठेवून तिने दुसरा पुढे केला, म्हणाली माह्या बोटाले लाव, नवरा माहा आहे. मी तिचा हात बाजूला सारला. आपा पुढे आल्या, म्हणाल्या मी म्हातारी, मला लावा. वाहेदभाईंनी त्यांना मागे ओढलं आणि स्वतःचं बोट धरलं. सगळ्यांनी धरलं. माझं मिळून एका चिमटीपुढे चार बोटं. मला त्या क्षणी भीती नाही, रडूच आलं.

मी कोणाला देणार नाही. मी जवान आहे, माझं काळीज धडधाकट आहे. महादेवराव म्हातारे होते, त्यांना माहीतही नव्हतं की काय चाललंय. मला माहीत आहे. माहीत असलेल्याला कदाचित —

डाव्या हाताच्या बोटाला लावली.

नंतर

दादा पाणी मागतोय. आवाज ऐकला. वहिनीने पाजलं.

मला शेजारच्या खाटेवर निजवलंय. जयवंता सिस्टरने सलाईन लावलं, डॉक्टर काहीतरी बोलताहेत, लांबून. उजव्या हाताने लिहितेय. लिहिणं थांबलं तर मी तिच्यात जाईन असं वाटतं. ही नाडी जिची, ती मुलगी आहे. पक्कं माहीत आहे मला. हिरव्या बांगड्या. तोंडात कडू. खाट खिडकीच्या बाजूला. कोणीतरी येतंय म्हणून ती दाराकडे बघतेय, आणि सिस्टर येते ती चिमटी काढायला.

घाम

आता धावतंय. इंजेक्शन दिलं असेल तिला. छाती फुटेल. आपा काहीतरी पुटपुटताहेत माझ्या कपाळावर हात ठेवून.

दादा उठून बसला. मला बघून हाका मारतोय — धरा त्याला, इकडे येऊ देऊ नका, हात लावू देऊ नका त्याला —

ही ती जागा. इथून त्या नाड्या मागे फिरतात.

नाही फिरली.

पुढे चाललो आम्ही. इथलं कोणी पाहिलेलं नाही. मशीनने पण नाही. उजेड लाल आहे, बोटातून येतो तसा, सगळीकडून.

घाबरू नको म्हटलं मी तिला. ती म्हणाली, तू जाशील का उठून? मी म्हटलं नाही

एक

खूप वेळाने एक

जयवंता दाराशी उभी. आपा दादाजवळ. वहिनी त्याच्याजवळ. वाहेदभाई दिसतात, डॉक्टरांचा हात धरून. सगळे मला दिसताहेत, सगळे तिकडे. मग माझा डावा हात कोणी धरलाय, बांगड्या लागताहेत मनगटाला, आणि ती म्हणते, इथून पुढं मी एकटी जाते, तू फिर —